एका घराखाली दोन जमिनी

घर बांधायला निघालेला माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पाया किती फूट घ्यायचा?’ शेजाऱ्याने पाच फूट घेतलेला असतो, मेहुणे सात सांगतात आणि ठेकेदाराने सहा फुटांचा हिशेब करून कोटेशनही दिलेलं असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मी मराठवाडा, पुणे, मुंबई, कोकण अशा सगळीकडे कामं केली. जागा न बघता या प्रश्नाचं उत्तर देणं मी फार आधीच बंद केलं. फुटांचा आकडा सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी कळावं लागतं की खाली काय आहे, ते पावसाळ्यात काय करतं, उन्हाळ्यात काय करतं, आणि मुख्य म्हणजे प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत ते एकच आहे का.

नुसत्या मऊ जमिनीची मला भीती वाटत नाही. मऊ जमिनीवर कसं बांधायचं हे ठाऊक आहे. पैसे जास्त लागतात, एवढंच. धास्ती वाटते ती एकाच घराखाली दोन तऱ्हांनी वागणाऱ्या जमिनीची. पायाच्या आराखड्यासाठी आपल्याकडे आयएस १९०४ हे मानक आहे. वाळूवर किंवा कडक चिकणमातीवर सुट्या फुटिंगची आरसीसी इमारत असेल, तर ती एकूण ५० मिलिमीटरपर्यंत बसली तरी मानक चालवून घेतं. पण शेजारशेजारच्या दोन कॉलमांच्या बसण्यातला फरक अंतराच्या ०.००१५ पटीपेक्षा जास्त नको म्हणतं. कॉलम साडेचार मीटरवर असतील तर हा फरक जेमतेम सात मिलिमीटर होतो. सगळं घर एकसारखं दोन इंच खाली गेलं तर बहुधा कुणाला कळणारही नाही. एक कोपरा पाव इंचाहून थोडा जास्त गेला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग सुरू होते. पायाची निवड म्हणजे मुख्यतः या सात मिलिमीटरांची काळजी, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगतो.

भाराचा हिशेब त्यामानाने सोपा. साध्या तीन स्लॅबच्या घराच्या मधल्या कॉलमवर सोळा चौरस मीटरचं क्षेत्र येतं असं धरू. मजल्यामागे चौरस मीटरला सव्वा टन पकडला तर कॉलमखाली साठ टन आले. खाली चांगला मुरूम असेल आणि तो चौरस मीटरला वीस टन घेत असेल, तर तीन चौरस मीटरचं फुटिंग पुरतं. हीच जमीन आठच टन घेणारी असेल तर साडेसात चौरस मीटर लागतात, म्हणजे कॉलमच्या वाट्याला आलेल्या जागेतली निम्मी जागा फुटिंगच खाऊन टाकतं. तिथे सुट्या फुटिंगचा नाद सोडावा आणि सगळ्या घराखाली एकच राफ्ट टाकावा. मधले मऊ खिसे राफ्ट आपल्या ताकदीवर ओलांडून नेतो. सळई जास्त लागते, पण शटरिंग आणि खोदाईची कटकट वाचते.

हे सगळं पुस्तकात मिळतं. जमीन मात्र पुस्तकाप्रमाणे वागत नाही, आणि आपल्याकडे त्यात पहिला नंबर काळ्या मातीचा.

मराठवाड्यात, विदर्भात जुनी गावठाणं बघितली तर ती बहुतेक पांढरीवर वसलेली दिसतात. काळी शेतीला, पांढरी वस्तीला, ही वाटणी आपल्या पूर्वजांनी कुठलीही प्रयोगशाळा नसताना करून ठेवली. गेल्या चाळीसेक वर्षांत गावं वाढली, रस्त्याकडेची शेतं एनए झाली, त्यांचे प्लॉट पडले, आणि घरं काळीवर उतरली. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. मे महिन्यात रानातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्याच भेगेवर आपण जोतं बांधतो.

लोकांना आश्चर्य वाटतं, पण काळ्या मातीत चार मजली इमारतीपेक्षा नुसत्या तळमजल्याच्या घराला जास्त त्रास होतो. जड इमारत फुगणाऱ्या मातीला दाबून तरी धरते. हलकं घर तिच्याबरोबर वर उचललं जातं. शिवाय घराच्या मध्यभागी फरशीखाली ओल कोंडून राहते आणि बाहेरच्या भिंतींखालची माती उन्हाने वाळते. मधे उचल, कडेला खचणं. पुन्हा एका घराखाली दोन जमिनी, आणि या तर आपणच तयार केलेल्या.

परभणीकडच्या एका निवृत्त गुरुजींनी मला घर बघायला बोलावलं होतं. भिंतीवरच्या भेगांवर त्यांनी पेन्सिलीने आडव्या खुणा करून शेजारी महिने लिहून ठेवले होते. एप्रिलमध्ये भेगेत रुपयाचं नाणं जायचं, ऑगस्टमध्ये पोस्टकार्डही जात नव्हतं. ‘साहेब, दर वर्षी लांबी भरून घेतो, दर वर्षी निघते,’ गुरुजी म्हणाले. त्यांच्या त्या नोंदींनी माझं निम्मं काम केलं होतं. जी भेग ऋतूप्रमाणे उघडते आणि मिटते ती फुगणाऱ्या मातीची. जी नुसती वाढतच जाते, ती भराव बसल्याची किंवा पाया खचल्याची. गुरुजींच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात स्वयंपाकघराचं सांडपाणी पेरूच्या आळ्यात सोडलेलं होतं, आणि ईशान्येच्या बाजूला उघडी, तापलेली जमीन. एक कोपरा बारमाही ओला, दुसरा वर्षातले आठ महिने कोरडा. आम्ही सांडपाणी पाइपने लांब नेलं, घराभोवती दीड मीटर रुंदीचा उताराचा काँक्रीटचा पट्टा घातला, गच्चीचं पाणी भिंतीपासून दूर सोडलं. पाया तसाच राहिला. भेगा पुरत्या गेल्या नाहीत, पण नाण्याच्या पोस्टकार्डाएवढ्या झाल्या, आणि पुढे लांबी टिकली.

नवीन घर असेल तर मी आधी माती तपासून घेतो. त्यातली एक चाचणी मला फार आवडते, कारण ती मालकाला समोर दाखवता येते. वाळवून, कुटून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली दहा-दहा ग्रॅम माती काचेच्या दोन मोजपात्रांत घालायची. एकात केरोसीन, दुसऱ्यात पाणी. ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास ठेवायचं. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, गुमान तळाशी बसते. पाण्यातली दुसऱ्या दिवशी कधी दीडपट, कधी दुपटीहून जास्त चढलेली असते, वर गढूळ, खाली साबणाच्या लगद्यासारखी मऊ. मालक ती दोन भांडी बघतो आणि मग पायाच्या खर्चावर माझ्याशी वाद घालत नाही.

काळी माती पाच-सहा फुटांत संपून खाली मुरूम लागत असेल तर प्रश्नच नाही; सगळी फुटिंग मुरमात उतरवावीत. पण दहा-बारा फूट नुसती काळीच असेल तर अंडर-रीम्ड पाइल हा माझ्या मते छोट्या घराला सगळ्यात प्रामाणिक उपाय. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने हे तंत्र आपल्या मातीसाठी रुळवलं. जमिनीत जेमतेम फूटभर व्यासाचं भोक घ्यायचं, तळाशी विशिष्ट हत्याराने त्याला फुगवटा कापायचा, साधारण अडीच पट रुंद, आणि सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचं. लांबी निदान साडेतीन मीटर, कारण ऋतूंची ये-जा त्याच्या वरच चालते. खाली ओल वर्षभर जवळपास सारखी असते. वरची माती पाइलला वर ओढायला लागली तरी खालचा फुगवटा त्याला धरून ठेवतो.

या पाइलांना जोडणारा जो बीम असतो, तो काळ्या मातीत जमिनीला टेकवायचा नसतो. खाली ऐंशी मिलिमीटर तरी पोकळी हवी, म्हणजे माती फुगून वर आली तरी बीमला धक्का लागत नाही. कागदावर ही एक रेघ असते. साइटवर तीच सगळ्यात अवघड गोष्ट ठरते, कारण बीमखाली पोकळी दिसली की गवंड्याचा जीव राहत नाही. एकदा मी सकाळी पोचलो तर मिस्त्रीने मोठ्या निगुतीने सगळी पोकळी विटांचे तुकडे आणि मसाला ठासून बंद केलेली. ‘साहेब, बीम अधांतरी ठेवायचा? लोक काय म्हणतील?’ त्याचा हेतू चांगलाच होता. मी त्याला मोजपात्रातली माती दाखवली आणि दोघांनी मिळून पहारीने सगळं ठासलेलं उकरून काढलं. पुढच्या साइटवर तोच मिस्त्री दुसऱ्यांना पोकळी मोजून देत होता.

काळी काढून मुरूम भरायचा, हा उपायही सर्रास करतात. मला तो अर्धवट वाटतो. पाणी सहज झिरपू देणारा मुरूम काळ्या मातीच्या खड्ड्यात भरला की पावसाचं पाणी त्या खड्ड्यात येऊन साठतं आणि आजूबाजूच्या काळीला आयतं मिळतं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकट, एकसंध मातीचा दाबून बसवलेला थर काळीवर घालण्याचं तंत्र विकसित केलं. कालव्यांच्या कामात ते वापरलं गेलं. त्यात थराच्या चिकटपणालाच महत्त्व आहे. नुसतं ‘काळी नको, दुसरं काहीही भरा’ असा त्याचा अर्थ होत नाही.

पुण्याकडे आलं की लोक निर्धास्त असतात. ‘इथे काय, चार फुटांवर कातळ.’ कातळ असतोही. पण दख्खनचा कातळ म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल गेरूसारखा मऊ पट्टा असतो, पाणी लागलं की तो हाताने कुस्करतो. वरचा कातळ दीड मीटर जाड आणि त्याखाली हा लाल पट्टा, असं बोअरमध्ये निघालं तर मोठ्या इमारतीला तो पट्टा ओलांडूनच खाली जावं लागतं. म्हणून बोअर ‘कातळ लागला’ म्हणून थांबवायचं नसतं. कातळात आणखी काही मीटर जाऊन कोअर बघायचा असतो. पेटीत मांडलेल्या कोअरचे लांब सलग तुकडे निघाले की मनाला बरं वाटतं; सुपारीएवढे तुकडे निघाले की पुन्हा विचार करावा लागतो.

दुसरा फसवा प्रकार गोट्यांचा. बेसॉल्ट झिजतो तो कोपऱ्यांकडून, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसा, आणि आत टणक गोल गाभा राहतो, कधी टेबलाएवढा. जेसीबीचे दात त्यावर खरवडले की मुकादम वर बघून हाक मारतो, ‘लागला साहेब कातळ!’ मी खड्ड्यात उतरतो आणि पहार मारतो. सलग कातळावर पहार खणखणते आणि हातात झिणझिण्या येतात. गोट्यावर आवाज बद्द येतो, आणि कडेने माती उकरत गेलं की त्याची गोलाई खाली वळताना दिसते. बाकीची फुटिंग कातळावर आणि एकच असं मुरमातल्या गोट्यावर बसलं, तर वरच्या कॉलमला आयुष्यभर शेजाऱ्यांपेक्षा वेगळं वागायची मुभा दिली असं होतं.

त्याहून घातक उतारावरची बांधकामं. टेकडीच्या पायथ्याशी प्लॉट असतो. वरच्या बाजूने डोंगर कापायचा, तेच माती-दगड खालच्या बाजूला पसरायचे, रोलर फिरवला न फिरवला, सपाट मैदान तयार. वरून बघितलं तर सगळं एकसारखं दिसतं. निम्मी इमारत कापलेल्या कातळावर, निम्मी भरावावर. अशा एका जागी माझ्याआधी तयार झालेल्या आराखड्यात सगळी फुटिंग एकाच पातळीवर होती, कारण माती परीक्षणाची दोन्ही बोअर कापलेल्या बाजूला घेतलेली होती. मशीन तिथपर्यंत सहज जात होतं. मी भरावाच्या टोकाला खड्डा घ्यायला लावला. आठ फुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि सिमेंटची फाटकी पोती निघाली. त्या बाजूची सगळी फुटिंग भरावातून खाली मूळच्या जमिनीपर्यंत नेली, पायऱ्यापायऱ्यांनी. खालच्या बाजूचे कॉलम लांब झाले, वरच्या बाजूचे आखूड राहिले, आणि भूकंपात आखूड कॉलमवर जास्त बळ येतं. म्हणून मधल्या पातळीवर आडवे बीम घालून लांब कॉलमांची उंची तोडली. बिल्डरला खर्च बराच वाढला. त्याने पहिल्या दिवशी खळखळ केली, पण ती पोती त्याने स्वतः पाहिली होती.

मुंबईत पायाचं जग निराळं. खाडीकाठी वरचे दोन-तीन मीटर भराव, त्याखाली राखाडी-काळी, शिंपल्यांचे तुकडे असलेली खाडीची चिकणमाती, आणि तिच्या तळाशी झिजलेला खडक. या शहराने समुद्रावर भराव टाकूनच जमीन मिळवली. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला बसल्यापासून वास्तू १९२४ साली पूर्ण होईपर्यंत दशकाहून जास्त काळ गेला. मधली बरीच वर्षं अपोलो बंदराजवळचा भराव, समुद्राची भिंत आणि पाया यांतच गेली. घाईच्या माणसाला मी हे उदाहरण देतो.

तिथे जमिनीची ताकद मोजायची जी चाचणी असते ती साधी आहे. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि खालची नळी जमिनीत जाताना ठोके मोजायचे. पहिले पंधरा सेंटिमीटर सोडून पुढच्या तीस सेंटिमीटरना किती ठोके लागले, तो आकडा. खाडीच्या मातीत कधी दोन ठोके, कधी हातोड्याच्या नुसत्या वजनानेच नळी आत जाते. मग एकाएकी पन्नास ठोके देऊनही ती हलत नाही. तिथे झिजलेला खडक लागला. या चाचणीसाठी मी स्वतः उभा राहतो. एकदा माझ्याकडे असा अहवाल आला होता, ज्यात वीस मीटर अंतरावरच्या दोन बोअरचे सगळे ठोके ओळीने सारखे होते. निसर्ग असं लिहीत नाही. ते काम आम्ही पुन्हा करून घेतलं, आणि दुसऱ्या बोअरमध्ये खडक साडेतीन मीटर खाली निघाला. पहिल्या अहवालावर विसंबून पाइल टाकले असते, तर एका बाजूचे पाइल चिखलात लोंबकळत राहिले असते.

या मातीत आणखी एक गोष्ट असते, जी नव्या मुलांना समजायला वेळ लागतो. वर नवा भराव टाकला की खालची चिकणमाती पाणी सोडत वर्षानुवर्षं बसत राहते. बसताना ती पाइलला धरून खाली ओढते. आपण मानतो की माती पाइलला आधार देते. इथे ती त्याच्यावर भार टाकते. तो भार इमारतीच्या वजनात धरून पाइल खडकात रोवावा लागतो. आणि इमारत पाइलवर जागच्या जागी राहिली तरी अंगण, पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन भरावाबरोबर खाली जातात. गेटपाशी पायरी वाढलेल्या, ड्रेनेजचे जोड तुटलेल्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. इमारत खचली म्हणून घाबरून लोक फोन करतात. खचलेलं असतं ते अंगण.

कोकणातल्या सड्यावर याच्या बरोबर उलटं. जांभ्याचा वरचा थर टणक, आणि खोल जावं तशी खाली पांढरट-गुलाबी मऊ माती. ‘पाया जेवढा खोल तेवढा पक्का’ हे डोक्यात घेऊन आलेले लोक तो टणक थर ब्रेकरने फोडून मऊ मातीत जायला निघतात. दोन मजली घराला मी तिथे जांभ्यातच थांबतो, दोन-अडीच फुटांवर. मात्र प्रत्येक फुटिंगच्या तळाला पहारीने किंवा ड्रिलने भोक घेऊन खाली पोकळी नाही ना, हे बघतो. जांभ्यात पाण्याने पोखरलेल्या जागा असतात, वरून कळत नाही.

परभणीतच गुरुजींच्या गल्लीत पुढे एका डॉक्टरांचं घर मी अंडर-रीम्ड पाइलवर बांधलं. ते चांगलं उभं राहिलं, तशी बातमी पसरली. दोन गल्ल्या पलीकडचे, कापडाचं दुकान असलेले एक काका आले आणि म्हणाले, ‘साहेब, आम्हालाही डॉक्टरांसारखेच पाइल पाहिजेत, पैशाला मागेपुढे बघू नका.’ त्यांच्या प्लॉटवर चारही कोपऱ्यांत आणि मधे खड्डे घेतले. तिथे पूर्वी ओढ्याकाठचा उंचवटा होता. साडेतीन-चार फुटांवर सगळीकडे पिवळसर कडक मुरूम. मी म्हटलं, काका, तुम्हाला पाइलची गरज नाही, साधी फुटिंग पुरतील. त्यांचा चेहरा उतरला; आपल्या घराला काहीतरी कमी देतोय असं त्यांना वाटलं. मी त्यांना खड्ड्यात उतरवून पहार हातात दिली. त्यांनी चार घाव घातले, मुरूम बोटभर उडाला. मग एकेका खड्ड्यात जाऊन त्यांनी तेच करून पाहिलं, आणि पाचव्या खड्ड्यातून वर येताना विचारलं, ‘मग पाइलचे पैसे कुठे घालू?’ गच्चीचं पाणी आणि सांडपाणी थेट रस्त्याच्या गटारापर्यंत नेणारी लाइन, आणि घराभोवती सगळीकडून काँक्रीटचा पट्टा, असं मी सांगितलं. फुटिंग पाच फुटांवर घेतली. पट्टा त्यांनी मी सांगितलेल्या दीड मीटरऐवजी दोन मीटर केला.